नाताळात लावलेला आकाशकंदील

आई आषाढात गेली. वडील त्या दिवशी मिरजेत नव्हते. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी कोल्हापूरला सत्कार ठेवला होता. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती घरी राहिली. "जावा तुम्ही, पोरं वाट बघत असतील," असं ती म्हणाली. वडील संध्याकाळी शाल-श्रीफळ घेऊन परत आले तेव्हा शेजारचे लोक दारात उभे होते. हृदयविकाराचा झटका दुपारी दोनच्या सुमारास आला असावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी कोल्हापुरात वडिलांचं भाषण चालू होतं.

घरात माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तळणीची कढई चढत नाही, दाराला तोरण लागत नाही, दिवाळीला आकाशकंदील लागत नाही. हल्ली बरीच घरं सोयीनं लवकर मोकळी होतात. वर्षश्राद्ध आधी उरकून घेतात, गुरुजीही त्याला मान्यता देतात. आमच्या गुरुजींनी वडिलांना तसं सुचवलं. वडिलांनी नकार दिला.

"ती गेली तेव्हा मी नव्हतो," ते मला फोनवर म्हणाले. "आता तिच्यासाठी करण्यासारखं एवढंच राहिलंय. वर्ष पाळायचं. ते तरी पुरं करू दे."

मी तेव्हा आयर्लंडला परत आलो होतो. आम्ही नावनला राहतो. बायको तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, मुलगी आठ वर्षांची. मी पुण्यात सोळा वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. आता घरी बसून भारतातल्या एका संकेतस्थळासाठी बातम्या संपादित करतो. दिवाळी झाल्यावर मी मिरजेला जाऊन वडिलांना घेऊन आलो. व्हिसा नव्वद दिवसांचा होता.

वडील कार्यानुभवाचे शिक्षक. बत्तीस वर्षं एकाच शाळेत त्यांनी मुलांना कागद कापायला, पुठ्ठा दुमडायला, बांबूच्या कामट्या बांधायला शिकवलं. आमच्या घरचा आकाशकंदील कधी विकत आणला गेला नाही. सांगाडा वडील बांधायचे, कागद आई चिकटवायची. खळ तीच शिजवायची आणि त्यात दुसऱ्या कुणाला हात घालू द्यायची नाही.

नावनमध्ये आल्यावर वडील पुढच्या खोलीत खिडकीजवळ बसत. समोर आमच्या एस्टेटचं, म्हणजे घरांच्या वसाहतीचं, हिरवळीचं मैदान होतं. डिसेंबर लागला की चार वाजता अंधारून येतं. ते दिवा लावायला उठत नसत. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत. एक पोळी घेत, तीही अर्धी ठेवत. माझी मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि ते तिच्याशी मराठीत. दोघांना दुसऱ्याचं कळत होतं, पण या संभाषणात वडिलांचा वाटा 'हो' आणि 'बरं' एवढाच असायचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली. नाताळच्या सुट्टीआधी एका शुक्रवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कुटुंबांनी मिळून सजावटीच्या वस्तू करायच्या होत्या. प्रत्येक वर्गाला एखादी कला शिकवणारे आई-बाप किंवा आजी-आजोबा हवे होते. मुलीनं कुणालाही न विचारता हात वर केला होता.

"आय टोल्ड टीचर माय आजोबा मेक्स लँटर्न्स," तिनं जेवताना जाहीर केलं.

वडिलांनी ताटातून मान वर केली नाही. "यंदा नाही, बाळा. आजीचं वर्ष आहे."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. बायको म्हणाली, "मी कळवते शाळेला. दुसरं कुणी तरी मिळेल."

मी म्हणालो, "थांब जरा. बाबा, नाताळ आपला सण नाही. वर्ष पाळायचं ते आपल्या सणांचं."

"कंदील तो कंदीलच की रे."

"दिवाळीचा नाही ना. ही शाळेची सजावट. उद्या शाळेनं तुम्हाला पुठ्ठ्याचं घर करायला सांगितलं असतं तर केलं असतं का नाही?"

"मथळा फिरवायला बसलास होय?" वडील म्हणाले. "सोळा वर्षं पगार ह्याचाच घेतलास का काय?"

आईनंतर त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला टोमणा होता. मला तो आवडला आणि मी मुद्दा सोडला नाही. नाताळला आपल्याकडे ना पूजा आहे, ना नैवेद्य. ज्या सणाला आईनं कधी काही केलं नाही, तो तिच्यासाठी टाळण्यात काय अर्थ, असं मी म्हणालो. बायकोनं नंतर स्वयंपाकघरात मला बाजूला घेतलं. "जबरदस्ती करू नकोस."

"जबरदस्ती कुठे? मी मुद्दा मांडतोय."

"तुझा मुद्दा बरोबर असेल. पण त्यांना मुद्दा नकोय."

मला मात्र वडील बोलते हवे होते. व्हिसाचे नव्वद दिवस त्यांनी त्या खिडकीशी बसून काढले असते आणि परत जाऊन मिरजेच्या रिकाम्या घरात तसेच बसले असते. ते टळावं म्हणून मी जे सांगितलं, ते मला स्वतःला किती पटलं होतं, हे मी तेव्हा तपासलं नाही.

दोन दिवसांनी ते सकाळी चहा घेताना म्हणाले, "इथं कामट्या कुठं मिळतील?"

कामट्या मिळत नव्हत्या. बागेच्या सामानाच्या दुकानात हिरवा रंग दिलेल्या बांबूच्या काड्या होत्या; त्या वडिलांनी वाकवून बघितल्या आणि परत ठेवल्या. शेवटी नावनच्या बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात बांबूच्या पट्ट्यांचा खिडकीचा पडदा सापडला. वडिलांनी तो दुकानातच उलगडला. एक पट्टी अंगठ्यानं दाबून बघितली.

"तासलेल्या आहेत. आयत्या," ते म्हणाले. "आमच्या वेळी बुरूड आळीत जाऊन बांबू निवडावा लागायचा. तू कधी आलास का? तू नुसता आयता कंदील टांगायला."

कागदाची अडचण नव्हती. दुकानं नाताळच्या भेटी गुंडाळायच्या पातळ कागदानं भरलेली होती. आतल्या बाजूला प्रकाश पसरावा म्हणून बायकोनं केक भाजायचा पांढरा कागद दिला. वडील जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले. पट्ट्या एका मापाच्या कापल्या, चौकोन बांधले, चौकोनात चौकोन अडकवले. गाठ मारताना ते दोऱ्याचं एक टोक दातात धरत. मुलगी झिरमिळ्यांचा कागद कापत होती.

"आजोबा, इज इट स्ट्रेट?"

"तिरकं आहे. पण तुझ्या बापापेक्षा सरळ आहे."

खळ करायचं काम माझ्याकडे होतं. मी मैदा गरम पाण्यात घातला आणि गुठळ्या झाल्या. वडिलांनी पातेल्यात डोकावून बघितलं. "ही खळ आहे का पिठलं? आधी गार पाण्यात कालवायचं, मग गॅसवर ठेवायचं. एवढं बघितलं नाहीस कधी, तुझी आई करताना?" मग ते थांबले. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच मैदा कालवला. खळीत मोरचूद घालायचा राहिला, असं मी आठवण करून दिली. "इथं एवढ्या थंडीत कुठली झुरळं येणारेत खळ खायला," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

कंदील तीन दिवसांत झाला. त्या तीन दिवसांत ते खिडकीजवळ बसले नाहीत.

शाळेच्या हॉलमध्ये मुलीच्या वर्गातली चोवीस मुलं आणि त्यांच्यातल्या काहींचे आई-बाप होते. एका टेबलावर वाळलेल्या संत्र्याच्या चकत्या दोऱ्यात ओवत होते. दुसरीकडे पाइनच्या शंकूंना चमकी लावत होते. वडिलांनी आमच्या वर्गासाठी कामट्यांचा बेत रद्द केला होता. एवढ्या पट्ट्या नव्हत्या आणि चाकूही द्यायचा नव्हता. त्याऐवजी मुलांनी घरून सकाळच्या नाश्त्याच्या पदार्थांची रिकामी खोकी आणली. खोकं उलगडायचं, त्याच्या चार पट्ट्या कापायच्या, दुमडून चौकटी करायच्या, दोन चौकटी एकमेकींत फिरवून बसवायच्या, बाहेरून कागद लावायचा. खाली झिरमिळ्या आणि आत बॅटरीवर चालणारा लहान दिवा. वडिलांचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं होतं आणि तिथे तेवढं पुरलं. फोल्ड. प्रेस विथ नेल. नो हरी. एका मुलीची चौकट वाकडी झाली तेव्हा त्यांनी ती सरळ करून दिली नाही. नवी पट्टी तिच्या हातात ठेवली आणि पुन्हा म्हणाले, नो हरी.

परत येताना ते गाडीत सगळा वेळ बोलत होते. इथल्या मुलांची नखं वाढलेली असतात, त्यामुळे घडी चांगली बसते. इथल्या पुठ्ठ्याला आपल्यासारखा वास येत नाही. जेवायला बसल्यावर त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हणालो की मुद्दा बरोबर होता.

शनिवारी आम्ही मोठा कंदील दारावरच्या पडवीत लावला. वडिलांनी स्वतः स्टुलावर चढून गाठ मारली. समोरच्या घरातली बाई रस्ता ओलांडून बघायला आली आणि तिनं फोटो काढला. उरलेल्या पट्ट्यांचा दुसरा, थोडा लहान कंदीलही तयार होता. तो शेजारच्या आजोबांना द्यायचा, असं मुलीनं ठरवलं होतं.

शेजारी सत्तरीच्या पुढचे निवृत्त बसचालक होते. त्यांची बायको ऑक्टोबरमध्ये गेली. मी त्यांच्या घरी गेलो होतो. तिथल्या पद्धतीप्रमाणे पुढच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवली होती. लोक येत होते, तिच्या हातावर हात ठेवत होते, मग मागच्या खोलीत चहा आणि सँडविच घेत तिच्या गमती सांगत होते. मी अर्धा तास थांबून परत आलो होतो.

डिसेंबरमध्ये आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांवर दिवे लागले. शेजारच्या घरावर नव्हते. आदल्या वर्षी त्यांच्या छताच्या कडेनं दिव्यांच्या माळा होत्या आणि दारात दिव्यांचं हरीण होतं. माळा लावताना ते शिडीवर असत आणि बायको शिडी धरत असे, हे मी माझ्या खिडकीतून बघितलं होतं. यंदा शिडी धरायला कुणी नाही, असा अर्थ मी लावला. ओळीतल्या एकाही माणसाला मदत करावीशी वाटली नाही, याची मी मनात नोंदही केली. इथले लोक गोड बोलतात आणि तेवढ्यावर थांबतात, असं मी बायकोला म्हणालो होतो.

रविवारी, एकवीस तारखेला, सकाळी शेजारी चर्चला गेले. त्यांची गाडी वळल्यावर मी आणि मुलगी कंदील घेऊन निघालो. वडील दारात उभे होते.

"त्याची बायको नुकतीच गेलीय ना?" त्यांनी विचारलं.

"हो. ऑक्टोबरमध्ये."

"मग चालतं का त्यांच्यात? असं लावलेलं?"

"त्यांच्यात असलं काही नसतं, बाबा."

"विचारलंस कुणाला?"

"विचारायचं काय त्यात? सरप्राइज आहे."

आम्ही शेजारच्या पडवीतल्या हुकाला कंदील अडकवला, दिवा चालू केला आणि परत आलो. तासाभरानं गाडी आली. शेजारी गाडीतून लगेच उतरले नाहीत. काच वर होती आणि ते समोर बघत होते. भरून आलं असेल, असं मी मुलीला सांगितलं.

दुपारी तीनच्या सुमारास त्यांनी आमच्या दारावर टकटक केलं. चर्चला जातानाचाच कोट अंगावर होता. कंदील त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. झिरमिळ्या चुरगळू नयेत म्हणून त्या वर घेऊन एका बाजूला घातल्या होत्या. मी आत या म्हणालो. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. वडील आणि मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"काम फार सुंदर आहे," शेजारी म्हणाले. "एरवी मी ते परत केलं नसतं. पण पहिल्या नाताळला आम्ही घरावर काही लावत नाही. झाड नाही, दिवे नाहीत, कार्डंही पाठवत नाही. ती गेल्याला अजून वर्ष व्हायचंय. तुम्हाला कसं ठाऊक असणार. वाईट वाटून घेऊ नका, एव्हरीथिंग्ज ग्रँड." ते वडिलांकडे वळले आणि जरा मोठ्यानं, सावकाश म्हणाले, "पुढच्या वर्षी लावीन. नक्की."

मी कंदील घेतला. ते फाटकातून बाहेर गेले.

वडिलांना इंग्रजी वाचता येतं, पण तिथलं बोललेलं इंग्रजी त्यांच्या कानाला लागत नव्हतं. "काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

डेस्कवर असताना मी नव्या मुलांना एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायचो: बोलणारा जे बोलला तेच लिहायचं. मी वडिलांना सांगितलं, "त्यांच्याकडे हुक सैल आहे म्हणे. वाऱ्यानं पडेल म्हणून परत दिला."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ती घरात मराठी क्वचितच बोलते. बोलली तर एखादा शब्द. त्या दिवशी तिनं पूर्ण वाक्यं केली.

"नाही आजोबा. ते म्हणाले की त्यांच्यात पण पहिलं वर्ष लाइट लावत नाहीत. आजीसारखंच. एक वर्ष."

वडिलांनी माझ्या हातातला कंदील घेतला आणि टेबलावर ठेवला. मग स्टूल उचललं आणि पडवीत गेले. मी मागे गेलो. त्यांनी आमच्या कंदिलातला दिवा बंद केला, गाठ सोडली, कंदील खाली घेतला. गाठ पक्की होती, सोडायला वेळ लागला. मी स्टूल धरलं.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले.

"माझं चुकलं, बाबा."

"तुझं काय. मला करायचंच होतं. हात शिवशिवत होते माझे. तू निमित्त दिलंस, मी घेतलं." ते स्टुलावरून उतरले. "कोल्हापूरला पण मला जायचंच होतं. तिला दोनदा विचारलं, जाऊ का म्हणून. ती जा म्हणेपर्यंत विचारलं."

हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी स्टूल उचलून आत नेलं.

पुढचे दिवस पहिल्यासारखे गेले. खिडकीजवळची खुर्ची, अर्धी पोळी. मुलगी एक-दोनदा कागद घेऊन त्यांच्याजवळ गेली. त्यांनी तिला घड्या घालून दिल्या, पण स्वतः कात्री हातात घेतली नाही. समोरच्या बाईनं दिवा का गेला म्हणून विचारलं. मी खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "शेजाऱ्यांचं आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं. आम्हाला वाटलं, हे सगळीकडे असतं." ओळीतले लोक मदतीला का गेले नाहीत, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्यापैकी तिघी-चौघी ऑक्टोबरपासून आळीपाळीनं शेजाऱ्यांच्या घरी जेवण पोचवत होत्या.

नाताळच्या दिवशी बायकोची ड्यूटी होती. मुलगी भेटी उघडत होती. एस्टेटमध्ये कुणी बाहेर नव्हतं, दुकानं बंद होती, बस नव्हती. अकराच्या सुमारास वडिलांनी मला बटाटे उकडायला लावले. त्यांनी स्वतः कणीक मळली. बटाट्याची पिवळी भाजी आणि पोळ्या, एवढंच. तळलेलं नाही, गोड नाही.

"दुःखाच्या घरी पहिल्या सणाला बाहेरचं अन्न जायला पाहिजे," ते म्हणाले. "आपल्याकडे यंदा दिवाळीला आलं होतं. ताईच्या सासरहून, शेजारून. मी खाल्लं."

"मी येऊ का बरोबर?"

"नको. तू आलास की भाषांतर करशील."

ते डबा घेऊन दोन वाजता गेले आणि चार वाजता आले. बाहेर अंधार झाला होता. डबा रिकामा होता. काय बोललात, असं मी विचारलं.

"त्याला मिरची सोसत नाही. दूध पीत पीत खाल्लं," वडील म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्याची बायको पण दुपारचीच गेली. तो खाली टीव्ही बघत होता."

फेब्रुवारीत मी त्यांना विमानतळावर सोडलं. आणखी राहा, मुदत वाढवायला अर्ज करू, असं मी दोन वेळा म्हटलं होतं. ते नाही म्हणाले. निघताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याशी गोळ्यांच्या वेळांबद्दल बोलले.

आषाढात मिरजेला वर्षश्राद्ध झालं. मी गेलो होतो. गुरुजींनी सगळं यथासांग केलं आणि आता घर मोकळं झालं, असं सांगितलं. वडिलांनी त्यांना दक्षिणा दिली आणि नमस्कार केला. मला वाटलं की संपलं. दिवाळीच्या पहिल्या दिवशी ताईचा फोन आला.

"बाबांनी कंदील लावला नाही," ती म्हणाली. "फराळाचं पण करू देईनात. मी चकलीचं पीठ घेऊन आले, तर म्हणाले, कढई ठेवायची नाही. शेजारचे विचारतायत, घरात अजून कुणी गेलं का म्हणून. तुला काही बोललेत का?"

मी वडिलांना फोन केला.

"वर्ष तुझ्याकडे मोडलं," ते म्हणाले. आवाज साधा होता. "मोडल्या दिवसापासनं परत मोजतोय."

"बाबा, असं कुठे लिहिलेलं नाही. गुरुजींना विचारा."

"गुरुजींना काय विचारायचं? पोरानं कागद चुकीचा कापला तर मी ठिगळ लावू द्यायचो का? दुसरा कागद घ्यायला लावायचो."

"पण तुम्ही मुद्दाम नाही मोडलंत. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"असू दे की. पाळायचं मी आहे."

ताईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय गरज होती रे?" तिनं ते पीठ आपल्या घरी नेलं.

या डिसेंबरात, आठ तारखेला, शेजारी शिडी घेऊन बाहेर आले. इथे बरेच लोक त्या दिवशी नाताळचं झाड उभं करतात. त्यांचं वर्ष ऑक्टोबरात झालं होतं. समोरचा एक तरुण माणूस आधीच त्यांच्या मदतीला आला होता. मीही गेलो आणि शिडीची दुसरी बाजू धरली. त्यांनी छताच्या कडेनं माळ लावली आणि खाली येऊन हरणाचा प्लग जोडला. एक पाय पेटला नाही. त्यांनी त्याला हातानं थोडं ठोकलं, तरी पेटला नाही.

"तुमचे वडील या वर्षी येणार का?" त्यांनी विचारलं. "त्यांच्या कंदिलासाठी हुक मोकळा ठेवलाय."

"या वर्षी नाही," मी म्हणालो.

मिरजेत तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. मी घरी येऊन फोन लावला. वडिलांनी मुलीची चौकशी केली, थंडी किती आहे ते विचारलं. मग म्हणाले, "शेजाऱ्यानं दिवे लावले का?"

"हो. आत्ताच लावले. मी शिडी धरली."

"बरं झालं. त्याचं पुरं झालं." पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. "माझे अजून तेरा दिवस आहेत."